चंपाबाईंचं पाणी माझ्याकडे

४ नोव्हेंबर, मंगळवार
दिवाळीची सुट्टी संपली. शाळेत क्रीडाशिक्षिका म्हणून लागून आज पाच महिने झाले. आमच्या घरात पदवी घेतलेली पहिली मी. त्यामुळे नुसती नोकरी करून भागणार नाही, समाजासाठी काहीतरी करायलाच हवं, असं मनाशी पक्कं केलंय.

संधी लगेच आली. साहेबराव सरांनी, म्हणजे मुख्याध्यापकांनी, केबिनमध्ये बोलावलं. एका ट्रस्टची स्पर्धा आहे. शाळांच्या क्रीडा संघांनी समाजसेवेचा प्रकल्प आखायचा, राबवायचा आणि ८ डिसेंबरला सादर करायचा. प्रकल्प मुलांनीच आखलेला हवा, ही मुख्य अट. सर म्हणाले, तुमच्या खो-खोच्या पोरी तयार आहेत, करून टाका मॅडम. आणि फोटो भरपूर काढा.

करून टाका हा शब्द मला पटला नाही. सेवा करून टाकायची नसते. पण सरांना तसं म्हणाले नाही.

संकल्प: प्रकल्प शंभर टक्के मुलींचा. मी फक्त दिशा देणार.

आजपासून प्रॅक्टिस साडेचारला आणली होती. मैदानावर गेले तर एकही मुलगी नाही. आज पाण्याचा दिवस, हे लक्षातच नव्हतं. या भागात पाणी आठ दिवसांनी येतं, साडेचार ते सव्वापाच. सगळा संघ मैदानामागच्या गल्लीत चंपाबाईंचं पाणी भरत होता. चंपाबाई सत्तरीच्या, एकट्या, गुडघे गेलेले. मुलगा मोतीराम चाकणला कंपनीत. घरात नळ नाही, पाणी कोपऱ्यावरच्या सार्वजनिक नळावरून आणायचं. आमचे खो-खोचे खांब त्यांच्या अंगणात ठेवलेले असतात, एवढाच काय तो संबंध.

मुली नळापासून चंपाबाईंच्या दारापर्यंत ओळीत उभ्या. एकीचं तोंड इकडे, दुसरीचं तिकडे, मैदानावर बसतात तशाच. कॅप्टन मोनाली नळावर. हंडा पुढच्या हातात गेला की मागची 'खो' म्हणते. अर्ध्या तासात दोन ड्रम भरले. कधीपासून करता, असं विचारलं तर ओळीतली संस्कृती म्हणाली, सहावीपासून मॅडम, आधी तर हंडा आमच्यापेक्षा मोठा दिसायचा.

चांगलं आहे. पण प्रॅक्टिस पाऊण तास बुडाली आणि सगळ्यांच्या ट्रॅक पँट ओल्या. नोंद घेतली.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
नियोजनाची पहिली बैठक. मुलींना मोकळेपणाने बोलू दिलं.

मोनाली म्हणाली, मॅडम, आपण चंपाआजीचं पाणी भरतोच की. तेच लिहून देऊ.

मी फॉर्म दाखवला. रकाना क्रमांक चार: लाभार्थींची संख्या, किमान पन्नास. चंपाबाई एक. संस्कृती म्हणाली, मग आजीलाच पन्नास वेळा लिहू. सगळ्या हसल्या. मी हसले नाही. (हसू आलं होतं.)

मग मदत आणि प्रकल्प यातला फरक समजावला. मदत म्हणजे आज केली, आज संपली. प्रकल्पाला उद्दिष्ट असतं, टप्पे असतात, शेवटी अहवाल असतो. मोनाली म्हणाली, पण मॅडम, आजीचं पाणी कुठं संपतं? आठ दिवसांनी परत भरावंच लागतं ना. तिला मुद्दा कळलेला नाही. वय लहान आहे.

शेवटी मुलींनी एकमताने ठरवलं: जलसाक्षरता अभियान. दोनशे घरांचा सर्व्हे, प्रतिज्ञा, बॅनर, सादरीकरण. (नाव मी सुचवलं. टप्पे मी आधीच फळ्यावर लिहून ठेवले होते. पण हात मुलींनीच वर केले.)

दिवस थोडे. त्यामुळे बैठक रोज साडेचारला, पाण्याच्या दिवशीसुद्धा. मोनालीने लगेच विचारलं, मग आजीचं पाणी कोण भरणार? मी म्हणाले, चंपाबाईंचं पाणी माझ्याकडे. मी बैठकीचा विषय फळ्यावर लिहून देईन आणि जाईन. ती म्हणाली, नक्की ना मॅडम? दोन ड्रम असतात. आणि आजी मागत नाय कुणाला.

मुलांनी मोठ्यांवर विश्वास ठेवायला शिकलं पाहिजे. हेही प्रकल्पात घालता येईल.

१२ नोव्हेंबर, बुधवार
पाण्याचा दिवस. वर्गात विषय लिहून दिला: 'जबाबदारी म्हणजे काय?' आणि गेले.

नळावर गर्दी. हंडा डोक्यावर घ्यायचा की कमरेवर, हे ऐन वेळी ठरेना. कमरेवर घेतला. अर्ध्या वाटेत निम्मं पाणी साडीवर. नळावरची एक बाई म्हणाली, मॅडम, कळशी घ्या, कळशी. हंडा तुमच्या इचारानं चालंना. सगळ्या बायका हसल्या. मीही हसले, खेळीमेळीने.

एकूण हंडे: तीन. तिसरा अर्धा. मग नळ गेला.

ड्रमचं बूडसुद्धा धड झाकलं नाही. चंपाबाई म्हणाल्या, लई झालं बाई, मला एकटीला किती लागतं? टेका जरा.

प्रकल्पशास्त्रात याला पायलट टप्पा म्हणतात. पायलट टप्प्यात त्रुटी अपेक्षितच असतात.

कंबर दुखतेय. मोनालीने विचारलं, झालं का मॅडम? मी म्हणाले, झालं. तांत्रिकदृष्ट्या झालंच.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
देवगाव रंगारीहून आईचा फोन. कंबर दुखत असल्याचं बोलून गेले, कारणही सांगितलं. आई इतकी हसली की बाबांनी मागून विचारलं, काय झालं म्हणून.

म्हणाली, तुला हंडा कुठं येतोय गं? तुझ्या वाट्याचं पाणी मी आन् तुझ्या धाकटीनं भरलं. तू उठली की मी म्हनायची, तू पुस्तक धर. आता सोळा वर्सं पुस्तक धरून तू तिथं हंडा धराया गेली व्हय? तुमच्या कॉलेजात सगळे खेळ शिकवले, हंडा नाय शिकवला?

मग लगेच स्थळाचा विषय. मुलगा कन्नडला कृषी खात्यात आहे म्हणे. मीटिंग आहे सांगून फोन ठेवला. मीटिंग नव्हती.

धाकटी दहावीनंतर घरी बसली. तिच्या हंड्यांचा हिशेब मी कधी केला नव्हता. आजही करायचा नव्हता, पण बसल्या बसल्या झाला.

संकल्प: पुढच्या पाण्याला दोन्ही ड्रम. काठोकाठ. कळशीने का होईना.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
सर्व्हे जोरात. पुंडलिकनगरमध्ये माझ्या खोलीच्या आसपासची घरं, मग शाळेमागच्या गल्ल्या. प्रश्न पहिला: 'आपणास पाण्याचे महत्त्व पटते का?' आतापर्यंत सगळ्यांचं उत्तर हो. अत्यंत उत्साहवर्धक.

एका घरी बाजेवर बसलेल्या आजोबांनी फॉर्म उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाले, पाण्याचं महत्त्व इचाराया आल्या का पाणी घेऊन आल्या? संस्कृती म्हणाली, फक्त इचाराया. त्यांना 'होय'मध्ये धरलं.

लाभार्थी: १४६.

२० नोव्हेंबर, गुरुवार
सरांनी साडेचारला बोलावलं. अहवालाच्या मुखपृष्ठावर शाळेचं चिन्ह डावीकडे की मधोमध, यावर चर्चा. मधोमध ठरलं. बाहेर आले तर साडेपाच.

मैदानावर मोनालीने नुसतं माझ्याकडे पाहिलं. मीच म्हणाले, आज मला सरांनी अडकवलं. ती म्हणाली, आम्हाला निरोप तरी द्यायचा मॅडम. आम्ही वर्गात प्रतिज्ञा पाठ करत बसलो होतो.

निरोप द्यायचा सुचलंच नाही. म्हणजे सुचलं होतं, सव्वापाचला.

चंपाबाईंकडे उद्या नक्की जाणार. आत्ता जाऊन पाणी थोडंच येणार आहे?

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
गेले नाही. सर्व्हेचे फॉर्म जुळवायचे होते. गल्ली टाळून मोठ्या रस्त्याने आले, कारण तो रस्ता चांगला आहे.

२२ नोव्हेंबर, शनिवार
एक समाधानाची गोष्ट. प्रत्येक मुलगी आता दोन-दोन, तीन-तीन पाण्याच्या बाटल्या घेऊन येतेय. संस्कृतीच्या दप्तरात तर दोन लिटरची. गेल्या महिन्यात मी खेळाडूंनी भरपूर पाणी प्यावं यावर वीस मिनिटं बोलले होते, त्याचाच परिणाम. शब्द वाया जात नाहीत.

मुलींचं सगळ्यांसमोर कौतुक केलं. त्या खाली बघत होत्या. नम्र आहेत.

२४ नोव्हेंबर, सोमवार
फोटोचा दिवस. अहवालात 'प्रत्यक्ष सेवा' या शीर्षकाखाली एक तरी फोटो हवा, असं सरांचं म्हणणं. चंपाबाईंच्या दारात घ्यायचं ठरवलं. मलाही त्यांची भेट घ्यायचीच होती. दोन्ही कामं एकदम.

दृश्य असं: मोनाली हंड्यातून चंपाबाईंच्या कळशीत पाणी ओततेय, मागे संघ. पण नळ चार दिवसांनी येणार. हंड्यात पाणी कुठून आणायचं? मी म्हणाले, ड्रममधलंच घेऊ, ओतून परत ड्रममध्येच टाकू. मोनाली म्हणाली, नको मॅडम, रिकाम्या हंड्यानं करू, कुणाला कळतंय? मी म्हणाले, खोटा फोटो नको. तत्त्वाचा प्रश्न आहे.

पहिल्यांदा चंपाबाईंचे डोळे मिटले. दुसऱ्यांदा धार दिसली नाही, म्हणून हंडा उंच धरायला लावला. तिसऱ्यांदा धार छान दिसली, पण कळशीच्या बाहेर. चौथा फोटो उत्तम आला. तोवर उंबऱ्यापासून अंगणापर्यंत ओल.

चंपाबाई म्हणाल्या, असू द्या बाई, फोटो ग्वाड यायला पायजे. अंगणातली धूळ तरी दबली.

ड्रममध्ये किती उरलं ते पाहिलं नाही. झाकण मोनालीने लावलं.

२५ नोव्हेंबर, मंगळवार
आज कळलं.

प्रॅक्टिसला लवकर गेले. मुली चंपाबाईंच्या दारात. प्रत्येक जण दप्तरातून बाटल्या काढून ड्रममध्ये ओतत होती. वीस तारखेपासून रोज. घरच्या पाण्यातून, त्यांच्या घरीही आठ दिवसांनीच येणाऱ्या पाण्यातून.

म्हणजे काल फोटोसाठी आम्ही जे सांडलं, ते हे.

मी संस्कृतीला विचारलं, मला का नाही सांगितलं? ती म्हणाली, तुम्ही एवढं कौतुक केलं मॅडम, मग कसं सांगणार?

परत आले. जेवण गेलं नाही. मग गेलं.

संकल्प (लाल पेनने): २८ तारखेला मी नळावर चार वाजता. सरांनी बोलावलं तरी नाही. कुणीही बोलावलं तरी नाही.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार
गेले! चार वाजता! पंजाबी ड्रेस, ओढणी कमरेला घट्ट, कळशी. अकरा कळश्या. सरांचा फोन आला, उचलला नाही. (बाराव्या कळशीच्या वेळी उचलला. सात मिनिटं. चिन्ह परत डावीकडे.)

एक ड्रम पाऊण भरला. दुसरा कोरडा. पण हे मी एकटीने केलं. घामाने डोळे चुरचुरत होते आणि मला आई सारखी आठवत होती. चंपाबाई म्हणाल्या, शिकल्या की बाई तुमी. हे वाक्य मला बी.पी.एड.च्या निकालापेक्षा गोड वाटलं.

मोनालीने ड्रम वाकून पाहिला. म्हणाली, आम्ही केलं तर दोन्ही होतात मॅडम. बैठक एक दिवस नाय घेतली तर?

मी म्हणाले, आता दहाच दिवस राहिलेत. शिवाय शब्द दिलाय मी. शब्द माझा आहे, मलाच पाळू दे.

तिने ड्रमचं झाकण लावलं. कर्णधाराला ऐकून घेता आलं पाहिजे.

५ डिसेंबर, शुक्रवार
अहवाल पूर्ण. लाभार्थी: २१२. प्रतिज्ञा घेणारे: २१२. प्रतिज्ञा: 'मी पाण्याचा थेंबही वाया घालवणार नाही.' फोटोचं पान करताना चौथा फोटो लावला. क्षणभर तो काढावासा वाटला. पण सरांना तो फार आवडलाय.

संध्याकाळी चंपाबाईंनी बोलावून घेतलं. उद्या सहा डिसेंबर. दरवर्षी त्या बाबासाहेबांना अभिवादन करायला भडकल गेटच्या पुतळ्यापाशी जातात. भाची रिक्षाने घेऊन जाणार, परत यायला सात होतील. आणि उद्याच पाणी. त्यांनी घराची चावी माझ्या हातात दिली. म्हणाल्या, तुमच्याजवळ ऱ्हाऊ द्या बाई. पोरींची मिटिंग असती ना. तुमी आता घरच्याच.

चावी पर्सच्या आतल्या कप्प्यात. उद्या शनिवार, शाळा सकाळची, बैठक नाही. मी चारला हजर असणार. यात चुकण्यासारखं काहीही नाही.

६ डिसेंबर, शनिवार
घडलं तसं लिहिते.

दोन वाजता बॅनर आणायला शहागंजला गेले. तयार असेल, घेऊन लगेच निघायचं, साडेतीनला परत. बॅनर तयार नव्हता. मशीनवर कुणाच्या तरी लग्नाचे बॅनर चालू. दुकानदार म्हणाला, बैठो मॅडम, अब्बीच होता. मी बसले. आईचा फोन आला, कन्नडच्या मुलाबद्दल असणार, म्हणून मोबाइल सायलेंटवर टाकून पर्समध्ये ठेवला. अब्बीच होता, असं त्याने एकूण पाच वेळा म्हटलं. उठून यायला हवं होतं. पण बॅनरशिवाय सोमवारी काय दाखवायचं, असा विचार केला. हा विचार मी केला, दुसऱ्या कुणी नाही.

बॅनर घेऊन गल्लीत पोचले तेव्हा पाच पस्तीस. नळ कोरडा.

चंपाबाईंच्या कुलूप लावलेल्या दारासमोर सगळा संघ. मी बोलावलं नव्हतं, सुट्टी दिली होती. तरी आल्या होत्या. ओळ धरली, नळ सोडला, आणि हंडा शेवटच्या हातात गेल्यावर पुढे कुलूप. चावी माझ्याकडे, हे शेजारणीने सांगितलं. मग जे हाताला लागलं ते भरून ठेवलं होतं: तीन हंडे, दोन कळश्या, शेजारणीची बादली, सगळ्या बाटल्या, संस्कृतीचा जेवणाचा डबासुद्धा. पायरीवर ओळीने. त्यानंतर भरायला काहीच उरलं नाही आणि नळ तसाच वाहत राहिला. मग बंद झाला.

मोबाइल काढला. मोनालीचे नऊ कॉल.

मोनालीने हात पुढे केला आणि म्हणाली, मॅडम, चावी.

सगळं ओतून एका ड्रमचा तिसरा हिस्सा झाला. आठ दिवसांसाठी. मोनाली मग म्हणाली, सगळ्या म्हणत होत्या कुलूप तोडू. मीच नको म्हणाले. म्हणलं मॅडम येतील.

चंपाबाई सातला आल्या. पांढरी साडी, दमलेल्या. ड्रमचं झाकण उचलून पाहिलं आणि म्हणाल्या, आज नळ कमीच आला जनू?

मी म्हणाले, हो.

मोनाली शेजारीच उभी होती.

८ डिसेंबर, सोमवार
सादरीकरण. आमच्या शाळेला 'उत्कृष्ट नियोजन' पुरस्कार. सरांनी पेढे मागवले.

सातव्या स्लाइडवर, म्हणजे चंपाबाईंच्या फोटोवर, मोनालीने दोन वाक्यं बोलायची होती. मी लिहून दिली होती, तिला पाठही होती. ती गप्प राहिली. मला वाटलं विसरली. मग तिच्याकडे पाहिलं आणि कळलं की विसरलेली नाही. ती दोन वाक्यं मी खालून उभी राहून बोलले. टाळ्या पडल्या.

परीक्षकांनी विचारलं, बाळांनो, हा प्रकल्प कुणी आखला? अख्ख्या संघाने माझ्याकडे पाहिलं. मोनाली म्हणाली, मॅडमनी. परीक्षक हसले. म्हणाले, बघा, मुली किती विनयशील आहेत.

प्रमाणपत्र पलंगाखाली ठेवलंय. भिंतीला खिळा नाही.

११ डिसेंबर, गुरुवार
बाटल्या परत सुरू झाल्यात. आता माझ्याही दोन असतात. मी ओतताना मुली दुसरीकडे बघतात.

बैठका बंद केल्या. कुणी का म्हणून विचारलं नाही.

चंपाबाईंना खरं सांगायचं. वाक्य तीनदा लिहून पाहिलं. तिन्ही वेळा त्यात बॅनरवाला आला. चौथ्यांदा त्याला काढलं.

१४ डिसेंबर, रविवार
पाण्याचा दिवस. पावणेचारला पोचले. वाटलं, सगळ्यांच्या आधी. मुली ओळ धरून उभ्या होत्या. एकीचं तोंड इकडे, दुसरीचं तिकडे.

मी मोनालीला विचारलं, माझी जागा कोणती? ती नळाखाली हंडा नीट लावत म्हणाली, आम्ही नऊ जणी बास आहोत मॅडम. तुम्ही साडेपाचला प्रॅक्टिसला या. आवाजात राग नव्हता. लहान मुलाला समजावतात तसं.

साडेचारपर्यंत अंगणात घुटमळले, मग आत गेले. चंपाबाई चुलीपाशी. मी उभ्याउभ्याच म्हणाले, सहा तारखेला नळ कमी आला नव्हता. चावी घेऊन मी शहागंजला बसले होते. मुली दारात थांबल्या होत्या. तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोलले.

त्या म्हणाल्या, ठावं हाय बाई. मी गल्लीत पाय ठेवला तवाच नळावरच्या बायांनी समदं सांगितलं.

मी विचारलं, मग तसं का म्हणालात?

म्हणाल्या, पोरी व्हत्या ना म्होरं. तुमी त्येंच्या मास्तरीन. तुमची इज्जत ऱ्हायला नको?

बाहेर खो, खो चालू होतं. पहिला हंडा ड्रममध्ये पडला. त्यातलंच भांडंभर काढून त्यांनी चहा ठेवला. मला. नको म्हणायला हवं होतं. प्याले. चांगला झाला होता.

निदान कप तरी धुवावा म्हणून उठले आणि तांब्या उचलला. चंपाबाईंनी तो माझ्या हातातून हळूच काढून घेतला. म्हणाल्या, ऱ्हाऊ द्या बाई, पोरी धुतील. तुमी पानी लई सांडता.